पस्तीस मार्कांचा खेळ

पंचेचाळिशीनंतर माणसाने काय सुरू करावं याची आपल्याकडे एक ठरलेली यादी आहे. सकाळचं कोमट पाणी, दासबोधाचं वाचन, कराओकेचा क्लास, गच्चीतल्या कुंड्या, आणि यातलं काहीच जमलं नाही तर सोसायटीचं सेक्रेटरीपद. पोहणं, सायकल आणि पळणं या तीन गोष्टी त्या यादीत नाहीत. त्या शाळकरी वयात उरकायच्या आणि पुढे ‘आमच्या वेळी आम्ही विहिरीत सूर मारायचो’ एवढं सांगण्यापुरत्याच वर काढायच्या, असा रिवाज आहे. त्यामुळे एकोणपन्नासाव्या वर्षी मी या तिन्ही गोष्टी पुन्हा करणार, आणि त्याही एकाच सकाळी एकीमागोमाग एक करणार, असं जाहीर केलं तेव्हा घरात क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग सासूबाईंनी विचारलं, “बँकेने सांगितलंय का?”

त्यांचं चूक नव्हतं. माझ्या आयुष्यातली बहुतेक अचाट कामं बँकेनेच सांगितलेली होती. नोटाबंदी त्यांतलीच.

“नाही हो आई, माझं मीच ठरवलंय. आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल चालवायची, मग सायकल ठेवून पळायचं.”

“सायकल असताना पळायचं कशाला?”

या प्रश्नाला जगातल्या एकाही प्रशिक्षकाकडे उत्तर नाही.

ट्रायथलॉनचा एक धाकटा प्रकार म्हणजे स्प्रिंट. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. ऑलिंपिकमध्ये याच्या दुप्पट असतं आणि ते २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून आहे. त्यापुढे हाफ आयर्नमॅन, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. आणि त्याच्याही वर पूर्ण आयर्नमॅन : ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल मारून, वर सबंध मॅरेथॉन. हे सगळं साधारण १७ तासांत संपवायचं. पुण्याहून नागपूरला एसटीने जाऊन पोचलेल्या माणसाला १७ तास म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि त्याला तर बसायला जागा मिळालेली असते.

हा प्रकार कुणा क्रीडामहर्षीच्या चिंतनातून आला असेल असं मला वाटायचं. तो आला वादावादीतून. १९७७ साली हवाई बेटांतल्या ओआहूवर एका रिले शर्यतीचा बक्षीस समारंभ चालला होता. तिथे पोहणारे श्रेष्ठ, पळणारे श्रेष्ठ की सायकलवाले श्रेष्ठ, यावर जुंपली. जॉन कॉलिन्स नावाचा नौदल अधिकारी तिथे होता. तो म्हणाला, आपल्या बेटावर पोहण्याची एक मोठी शर्यत आहे, सायकलीची एक आहे आणि मॅरेथॉनही आहे. तिन्ही एकाच दिवशी करून टाकू, जो पहिला येईल त्याला आयर्नमॅन म्हणू. आपल्याकडे असा वाद उपाहार संपला की संपतो, फार तर उपसमिती नेमली जाते. कॉलिन्स दांपत्याने १८ फेब्रुवारी १९७८ ला शर्यत खरोखरच घेतली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. स्पर्धकांना दिलेल्या कागदावर कॉलिन्सने तिन्ही अंतरं लिहून खाली नोंदवलं होतं की यानंतर उरलेलं आयुष्य खुशाल बढाया मारा. मूळ वाद मिटला नाही तो नाहीच. बढायांचं कलम मात्र आजही काटेकोर पाळलं जातं.

पुढच्याच वर्षी लिन लेमेअर ही पहिली बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. १९८२ साली ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी कॉलेजच्या प्रबंधासाठी म्हणून या शर्यतीत शिरली. शेवटच्या काही पावलांवर पहिल्या क्रमांकावर असताना ती कोसळली, रांगत रांगत रेषेकडे निघाली आणि २९ सेकंदांनी दुसरी आली. ते रांगणं अमेरिकेच्या टीव्हीवर दिसलं आणि खेळ जगभर पसरला. आमच्या वेळी प्रबंधासाठी फार तर जयकर ग्रंथालयापर्यंत जावं लागे.

आता हा खेळ मध्यमवयातल्याच लोकांना का लागतो, याबद्दल माझं एक ठाम मत आहे. आमच्या वेळच्या दहावीसारखा हा खेळ आहे. प्रत्येक पेपरात वेगळं पास व्हावं लागतं. गणितात पंचाण्णव पडले म्हणून मराठीतले बावीस माफ होत नसत, तसं इथे पळण्यात तुम्ही हरीण असलात तरी ठरलेल्या वेळेत पाण्याबाहेर आला नाहीत तर सायकलला हात लावू देत नाहीत. हाफ आयर्नमॅनला पाण्यासाठी साधारण १ तास १० मिनिटं मिळतात आणि सगळं मिळून साडेआठ तास. ज्याला कशात तरी पहिलं यायचं आहे, त्याने विशीतच एक खेळ धरून त्यात जीव काढावा. आपण कशातच पहिले येणार नाही हे ज्याला पुरतं कळून चुकलंय, आणि तरीही तीन ठिकाणी पस्तीस-पस्तीस मिळवायची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी ट्रायथलॉन आहे. ही तयारी पंचेचाळिशीआधी होत नाही. मी स्वतः आई म्हणून पास आहे, अधिकारी म्हणून पास आहे आणि सून म्हणून ग्रेस मार्कांवर पास आहे. अनुभव कमी नव्हता.

सुरुवात पाण्यापासून. सकाळची लेडीज बॅच हे पुण्यातलं एक स्वतंत्र संस्थान आहे. उथळ भागात उभ्या राहून पोहणाऱ्या तिथे बहुसंख्य. गौरींच्या साड्या, सुनेची डिलिव्हरी, गुडघ्याचं ऑपरेशन कुठे करावं, अशा विषयांचा छातीभर पाण्यात निकाल लागतो आणि तास संपला की “आज छान व्यायाम झाला” म्हणत सगळ्या बाहेर येतात. तलावाच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेवर, ओळीने टिकल्या चिकटवलेल्या असतात. कुणाची कुठली हे जिची तिला बरोबर ठाऊक असतं.

खोल भागात मी आणि आमचा प्रशिक्षक. वय चोविसाच्या आसपास, हातात शिट्टी, मला ‘काकू’ म्हणणारा. पहिल्याच दिवशी म्हणाला, “काकू, पाण्याशी भांडू नका.” मला घरी-दारी, काउंटरवर आणि रिक्षावाल्यांशी भांडून मिळालेलं शहाणपण इथे उपयोगाचं नव्हतं. त्याचा दुसरा धडा जास्त अवघड. नवशिका तोंड पाण्यात घालून श्वास कोंडून ठेवतो, आतला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि त्यामुळेच त्याला गुदमरायला होतं. म्हणून तोंड पाण्यात असताना श्वास सतत सोडत राहायचा आणि मान वळवली की फक्त आत घ्यायचा. वाचायला सोपं आहे. सासर, माहेर आणि ऑफिस या तिन्ही ठिकाणी तोंडाशी आलेलं गिळून धरायची ज्यांना वर्षानुवर्षांची सवय, त्यांना ‘सोडत राहा’ म्हणून सांगणं म्हणजे स्वभावालाच हात घालणं. हळूहळू जमलं. त्यानंतर घरीही मी बरंच काही सोडत राहायला लागले, अशी नवऱ्याची तक्रार आहे.

पंचवीस मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे ३० फेऱ्या. पूर्ण आयर्नमॅन करणाऱ्याला त्याच्या १५२ होतात. एकवीस झाल्या की बावीस, यावर नजर ठेवण्यात माझी बँकेतली नोकरी कामी आली. बाकीचे पोहणारे मधेच आकडा विसरतात. मी शेवटी ताळा करून घेत असे.

तलावात तळाला काळी पट्टी असते, दर पंचवीस मीटरला भिंत असते. उघड्या पाण्यात यातलं काही नसतं. दर सात-आठ हातांनंतर डोकं वर काढून लांबचा नारिंगी बोया बघायचा आणि दिशा सुधारायची, नाहीतर माणूस मोठ्या निष्ठेने भलतीकडे जातो. सरावाला आमचा गट पुण्याबाहेरच्या एका तळ्यावर जायचा. आम्ही रंगीत टोप्या घालून पाण्यात गोल गोल फिरतोय हे काठावरचे एक म्हशीवाले मामा बराच वेळ बघत होते. मी दम खायला कडेला आले, तेव्हा त्यांनी काळजीने विचारलं, “ताई, काय पडलंय का पाण्यात?”

“नाही मामा, सराव करतोय.”

“कशाचा?”

“पोहण्याचा.”

मामांनी थोडा विचार केला. “येतंय की तुम्हाला,” म्हणाले आणि म्हशी घेऊन गेले. इतकं निखळ प्रमाणपत्र मला पुढे कुणी दिलं नाही.

सायकलीच्या बाबतीत मी निर्धास्त होते. पुणे हे एके काळी सायकलींचंच शहर. लेडीबर्डवरून कॉलेजला गेलेल्या आमच्या पिढीला सायकल शिकवायला कोण येणार? पण दुकानात गेल्यावर कळलं की मधल्या काळात सायकलीतून बरंच काही काढून टाकलेलं आहे. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, कुलूपही नाही. आणि जितकं कमी तितकी किंमत जास्त. कार्बनची एक सायकल दाखवून दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, ही त्या सायकलपेक्षा दीड किलो हलकी आहे.” फरक लाखाच्या वर होता. मी मनात किलोचा भाव काढला आणि माझ्या कमरेभोवती किती भांडवल पडून आहे या विचाराने मला प्रथमच श्रीमंत वाटलं. शेवटी ॲल्युमिनियमची घेतली. घरी आणल्यावर सासूबाईंनी तिच्याभोवती फेरी मारून विचारलं, “भाजीची पिशवी कुठे अडकवायची?”

या सायकलीचे बूट पेडलमध्ये अडकतात. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला झटकावी लागते. हे ज्ञान असतं, पण सिग्नलला थांबताना आठवत नाही. सगळे नवशिके पडतात आणि पडताना वेग शून्य असतो. सायकल उभी, तुम्ही तिच्यावर, आणि दोघी मिळून सावकाश डावीकडे. कर्वे रस्त्यावर मी अशी आडवी झाले तेव्हा मागच्या स्कूटरवरच्या गृहस्थांनी हॉर्न देऊन एवढंच सांगितलं, “मॅडम, सिग्नल हिरवा झालाय.”

हेल्मेटबद्दलचा या खेळाचा नियम फार कडक आहे. हेल्मेट डोक्यावर चढवून बंद लावल्याशिवाय सायकलला स्पर्शच करायचा नाही, केला तर दंड म्हणून वेळ जातो. हेल्मेटसक्तीविरुद्ध पुणेकरांनी किती वर्षं लढा दिला, किती निवेदनं दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या लढ्यात हिरिरीने पुढे असलेले आमच्या गटातले एक निवृत्त काका आता सायकलकडे बघण्याआधी हेल्मेट घालतात. पोलिसांना जे साधलं नाही ते एका मेडलने साधलं.

अंतर ठेवण्याचाही नियम आहे. आयर्नमॅनच्या शर्यतीत पुढच्या सायकलमागे १२ मीटर सोडावे लागतात, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवता येत नाही. याचा सराव पुण्यात कसा करायचा हा प्रश्नच आहे. दोन वाहनांत १२ मीटर मोकळे सोडले तर तिथे एक रिक्षा, दोन ॲक्टिव्हा आणि एक लग्नाची वरात मावते. म्हणून मंडळी पहाटे शहराबाहेर पळतात : बोपदेव घाट, कात्रजचा जुना बोगदा, सिंहगडाचा पायथा. सिंहगडाची बाजू लोकप्रिय आहे, कारण तिथे पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं. जाताना जेवढी चरबी वितळली असेल तिची तिथे व्याजासकट परतफेड होते. वाटेतल्या कुत्र्यांचाही मी इथे मानाने उल्लेख करते. चढावर जोर कसा लावायचा हे मला कुठल्याच प्रशिक्षकाने इतक्या कमी वेळात शिकवलं नाही.

पळण्याबद्दल काय सांगायचं? त्यात शिकण्यासारखं काही नाही असं आधी वाटतं, आणि सायकलवरून उतरून पळायला लागलं की तेच सगळ्यात अवघड निघतं. तासभर पाय गोल फिरत असतात, कंबर वाकलेली असते. उतरल्यावर आपण पुढे जायला सांगतो आणि पाय अजून पेडलच मारत असतात. पहिला किलोमीटर दुसऱ्या कुणाचे तरी पाय उसने आणल्याप्रमाणे जातो. याची सवय व्हावी म्हणून सायकलनंतर लगेच पळण्याचा मुद्दाम सराव करतात. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला मी गेटात सायकल टाकून सैरावैरा पळत सुटलेली दिसले, तेव्हा तो काठी घेऊन माझ्यामागे कोण लागलंय ते बघायला धावला. त्या दिवशी त्याचाही व्यायाम झाला.

या तिन्ही खेळांना मिळून एकच पोशाख असतो. ट्रायसूट. गळ्यापासून मांड्यांपर्यंत अंगाला घट्ट, पुढे चेन, बुडाला पातळ गादी. त्यात लपवण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळे लाजही फार दिवस टिकत नाही. पहिल्यांदा तो घालून लिफ्टमध्ये शिरले तर आत चौथ्या मजल्यावरचे काका. त्यांनी नजर छताच्या पंख्याला लावली आणि तळमजला येईपर्यंत खाली आणली नाही. बाहेर पडताना विचारलं, “योगा का?” मी हो म्हणाले. बिचारे सुटले.

खाण्याच्या बाबतीत या जगात सगळं पाकिटातलं. चिकट गोड जेल फाडायचं, पिळायचं, गिळायचं. मला ते घशाखाली उतरेना, म्हणून सायकलीवरच्या पिशवीत खजूर, राजगिऱ्याची वडी आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आलं. सासूबाई आधी विरोधी पक्षात होत्या, पण खाण्याचा प्रश्न निघताच त्यांनी खातं आपल्याकडे घेतलं. डिंकाचे लाडू केले. मी एका वेळी तीन उचलले तेव्हा म्हणाल्या, “बाळंतपणात दोन खाताना रडत होतीस.”

नवऱ्याने एवढ्यात या विषयावरचे सगळे व्हिडिओ पाहून टाकले होते. तो पाण्यात उतरत नाही, सायकल त्याला सोसत नाही आणि पळणं गुडघ्यांना वाईट असतं असं त्याचं मत आहे. त्यामुळे मार्गदर्शन करायला तो पूर्ण मोकळा असतो. “तुझी कोपर खाली पडते,” हे तो सोफ्यावरून सांगतो, आणि वाईट हे की ती खरोखरच पडते. मुलाने वाढदिवसाला मनगटी घड्याळ पाठवलं. ते झोप मोजतं, नाडी मोजतं आणि आपला निष्कर्षही सांगतं. भर उन्हात दोन तास सायकल मारून आले तर पडद्यावर उमटलं : ‘अनप्रॉडक्टिव्ह’. बँकेच्या अप्रेझलमध्येसुद्धा हे इतकं स्पष्ट कुणी लिहिलं नव्हतं.

प्रेरणास्थानांची या खेळात वाण नाही. मिलिंद सोमणने २०१५ साली झ्युरिकची आयर्नमॅन पूर्ण केली तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. ज्या नवऱ्यांना वाटत होतं की १९९५ साली ‘मेड इन इंडिया’च्या गाण्याबरोबर हा त्रास संपला, त्यांना तो नव्याने सुरू झाला. मग २०१७ मध्ये महाराष्ट्र केडरचे पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश फ्रान्समध्ये आयर्नमॅन झाले. पोलीस खात्यात पळणं आरोपींकडे असतं, या समजाला त्याने तडा गेला. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर हाफ आयर्नमॅन सुरू झाली आणि गोव्यात रात्री आठला झोपणारे, मीठ-पाणी पिणारे पर्यटक प्रथमच दिसू लागले.

पण माझं दैवत अमेरिकेतली नन आहे, सिस्टर मॅडोना बूडर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पळायला लागली, बावन्नाव्या वर्षी पहिलं ट्रायथलॉन केलं आणि २०१२ साली, ८२ व्या वर्षी, कॅनडात पूर्ण आयर्नमॅन केली. तिचं कौतुक मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तिला कुणाच्या डब्याचं बघायचं नव्हतं.” हा मुद्दा एकाही क्रीडा मासिकाने मांडलेला नाही.

पाण्यातून सायकलकडे आणि सायकलवरून पळण्याकडे जाताना जी धांदल होते तिला टी-वन आणि टी-टू म्हणतात. तिची वेळही एकूण वेळेत धरली जाते. म्हणून तिला चौथा खेळ मानतात आणि त्याचा सराव करतात : टॉवेल कुठे, चष्मा कुठे, मोज्यात पावडर आधीच, बुटांना बांधावी न लागणारी लवचीक नाडी. तरुण मुलं यात गांगरतात. मला ते पाहून आश्चर्य वाटतं. कुकर बंद करून, डबा भरून, साडी नेसून, आठ-दहाची बस पकडणं हे टी-वन. बँकेतून निघून, शाळेतून मुलाला उचलून, संध्याकाळी पाहुण्यांपुढे पोहे ठेवणं हे टी-टू. पंचवीस वर्षं रोज केलं. त्याची वेळ मोजून कुणी फळ्यावर लावली असती, तर या शहरातल्या निम्म्या बायका राष्ट्रीय संघात असत्या.

वयाबद्दल मात्र या खेळाने मला आमूलाग्र बदललं. इथे पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि वय धरतात ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे होणार असेल ते. म्हणजे वाढदिवस नोव्हेंबरात असला तरी माणूस जानेवारीतच म्हातारा होतो. काही स्पर्धांत ते वय मार्करने पोटरीवर लिहितात. माझ्या पोटरीवर एका हसऱ्या स्वयंसेवकाने ५० लिहिलं, तेव्हा घरी पन्नाशीच्या केकची ऑर्डरसुद्धा दिलेली नव्हती. आयुष्यभर वय विचारणाऱ्याला “का?” असं विचारत आले, आणि आता ते मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला खुलं. पण पन्नास ते चोपन्नच्या गटात मी सगळ्यात तरुण निघाले. हे सुख बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. आमच्या गटातल्या काही जणी आता पुढच्या पाच वर्षांच्या गटात जायची वाट बघतात. साठी कधी येते याची आतुरतेने वाट पाहणारी बाई मी या खेळाआधी पाहिली नव्हती.

शर्यत स्प्रिंटची होती. पाण्यात कुणाची तरी लाथ हनुवटीला लागली आणि मी “अगं बाई” म्हणाले, त्यामुळे श्वास आपोआप सुटला आणि पुढचं सोपं गेलं. सायकलवर एका सव्वीस लिहिलेल्या पोटरीला मी मागे टाकलं. त्याचं चाक पंक्चर होतं, हा तपशील घरी सांगितलेला नाही. पळताना शेवटच्या वळणावर नवरा ओरडत होता, “कोपर!” आत गेल्यावर कळलं की मी माझ्या गटात तिसरी आले. व्यासपीठावर उभं करून पदक घातलं, फोटो काढले. गटात आम्ही तिघीच होतो, हेही घरी सांगितलेलं नाही. कॉलिन्सने बढाईची परवानगी दिली आहे, तपशिलाची सक्ती केलेली नाही.

तर माझा निकाल असा. शाळेत कबड्डीची चिठ्ठी आणून झाडाखाली बसलेले, गॅदरिंगमध्ये पडदा ओढायला नेमलेले, नोकरीत ‘समाधानकारक’ शेरा मिळवत आलेले जे असंख्य लोक आहेत, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला खेळ अजून निघालेला नाही. सुरू करण्याआधी डॉक्टरकडे जाऊन हृदय नीट तपासून घ्या. मग आधी पोहायला शिका, कारण सायकलवर किंवा पळताना दमलात तर रस्त्याच्या कडेला बसता येतं, पाण्यात ती सोय नाही. सायकल पहिल्या वर्षी कुणाची तरी मागून आणा, दुकानातल्या मुलाचं मन मोडलं तरी चालेल. आणि फॉर्म भराल तेव्हा वय खरं लिहा, एकही वर्ष कमी करू नका. या एका ठिकाणी वाढलेल्या वयाचे मार्क तुमच्या बाजूने धरले जातात.